कुठला फोन?

लिफ्टकाकांना खुनी करायचं ठरलं तेव्हा त्यांच्या बायकोला इतकं हसू आलं की हातातला चहाचा कप तिला खाली ठेवावा लागला.

"हे? आणि खुनी?" ती म्हणाली. "अगं, यांच्या हातून झुरळसुद्धा मरत नाही. कागदावर उचलून जिन्यात सोडून येतात आणि वर त्याला 'जा बाबा, सांभाळून' म्हणतात."

लेक मात्र हट्टाला पेटली होती. चित्रपटाच्या अभ्यासक्रमाचं तिचं दुसरं वर्ष. वर्षाचं मोठं काम एकच, एका थरारपटाची सुरुवात करून दाखवायची. अख्खा चित्रपट नाही, फक्त पहिली दोन मिनिटं. बघणारा खुर्चीच्या कडेवर आला की पडद्यावर नाव झळकवायचं आणि थांबायचं. मग त्यावर एक लेख लिहायचा. कॅमेरा इथेच का ठेवला, दिवा तिथेच का लावला, हा आवाज का घेतला आणि तो का गाळला, सगळ्याचा जबाब द्यायचा. निम्मे गुण फिल्मला, निम्मे लेखाला. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लेखात घडलं ते लिहायचं. घडायला हवं होतं ते नाही. मला वास येतो."

तर लेकीला खुनी हवा होता, आणि तिच्या वर्गातल्या मुलांना खुनी म्हणून उभं केलं की ती परीक्षेला उशिरा आल्यासारखी दिसत. "मला चेहरा नकोच आहे," ती म्हणाली. "पाठ हवी, बूट हवेत, हात हवेत. आई, तू बाबांचे हात बघ ना जरा."

आईने बघितले. जाड बोटं, एका अंगठ्याचं नख कधीकाळी चेपून कायमचं चपटं झालेलं, आणि नखांच्या कडेला कुठल्याही साबणाला दाद न देणारं ग्रीस. "हेच हात बघून सव्वीस वर्षांपूर्वी मी हो म्हटलं होतं," ती म्हणाली, "आणि आता ते मलाच मारणार." कारण मरणाऱ्या बाईच्या जागी तिची नेमणूक आधीच झाली होती.

लिफ्टकाका यावर मनापासून हसले. खरं सांगायचं तर कोण काय म्हणालं त्यातलं निम्मंही त्यांना कळलं नव्हतं. सगळे हसत होते म्हणून तेही हसले.

काकांना नीट ऐकू येत नाही, ही गोष्ट त्या घरात कोणालाच माहीत नव्हती. तुम्हाला आधीच सांगून टाकली, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडून आहे.

लिफ्टकाका म्हणजे एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. शहरातल्या शंभर-सव्वाशे इमारतींच्या लिफ्ट ज्या कंपनीकडे होत्या तिथले सगळ्यात जुने कारागीर. आणि त्यांची ख्याती होती ती नेमकी कानाची. लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते मोटरच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "डावीकडचं बेअरिंग," ते सांगायचे, "महिनाभर काढेल." उघडून बघावं तर डावीकडचंच बेअरिंग. डॉक्टरला नळी लागते, यांना स्क्रू ड्रायव्हर पुरायचा.

दुसरी गोष्ट हाकेची. लिफ्टच्या कामाला दोन माणसं लागतात. एक वर मोटरच्या खोलीत, दुसरा खाली लिफ्टच्या विहिरीत, पिंजऱ्याच्या छतावर उभा. मधे पाच-सात मजल्यांचा अंधार. वरच्याच्या हातात बटण आणि खालच्याचा जीव त्या बटणावर. म्हणून रीत अशी की आत उतरणाऱ्याने ओरडायचं, "मी आत!" वरच्याने त्याचं नाव घेऊन उत्तर द्यायचं, "अमका आत!" उत्तर मिळाल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बाहेर आल्यावर पुन्हा तेच, "मी बाहेर!" आणि "अमका बाहेर!" तोवर बटणाला हात लावायचा नाही. इतकी साधी रीत, पण ती मोडल्यामुळे गेलेली माणसं काकांनी पाहिली होती. कामावर येणाऱ्या नव्या माणसाला ते पाना नंतर देत, हाक आधी शिकवत.

त्यांच्याच हाताखाली तयार झालेला लंबू आता एकोणीस वर्षं त्यांचा जोडीदार होता. दार कुठलंही असो, वाकून आत येणारा माणूस. तो काकांना दादा म्हणायचा. दोघं मिळून दिवसाला चार-पाच इमारती करत आणि त्यात एकमेकांशी जेमतेम वीस वाक्यं बोलत. त्यातली सोळा आत आणि बाहेर.

काकांच्या कानातून आधी चिमण्या गेल्या. मोटरची खोली गच्चीवर असते आणि गच्चीच्या कठड्यावर चिमण्यांची शाळा भरलेली असते. एके दिवशी काकांच्या लक्षात आलं की ती शाळा सुटलीय. "चिमण्या कमी झाल्यात हल्ली," ते घरी येऊन म्हणाले. बायको म्हणाली, "हो ना, सगळेच म्हणतात." झालं, विषय संपला. मग किटलीची शिट्टी गेली. मग दाराची घंटा. मग माणसांच्या बोलण्यातली बारीक अक्षरं गळायला लागली आणि नुसती घुमघुम उरली. एकतीस वर्षं मोटरशेजारी उभं राहिल्याचं हे फळ होतं. मोटरची घरघर मात्र स्क्रू ड्रायव्हरमधून अजून हाडाला कळायची, त्यामुळे काकांनी स्वतःची समजूत घातली की कान शाबूत आहेत, जगच हळू बोलायला लागलंय.

दोन वर्षांत त्यांनी एकदाही "ऐकू आलं नाही" असं म्हटलं नव्हतं. ते समोरच्याच्या ओठांकडे बघत आणि "हो ना", "बघू" किंवा "तुझंच बरोबर" यातलं एक उत्तर देत. या तीन उत्तरांवर संसार इतका सुरळीत चालला होता की वयाबरोबर नवरा समजूतदार झालाय, असं बायकोचं पक्कं मत झालं होतं.

पण लिफ्टच्या विहिरीत 'हो ना' चालत नाही. तीन महिन्यांपूर्वी एका सात मजली इमारतीत काका वर होते आणि लंबू खाली. खालून काहीतरी घुमलं. लंबू बाहेर आला असणार, असं काकांनी धरलं. "लंबू बाहेर!" त्यांनी ठोकून दिलं आणि बटणाकडे हात नेला. मोटरच्या खोलीच्या जमिनीला दोरखंड उतरण्यासाठी भोकं असतात. त्यातल्या एका भोकातून त्यांना खाली विजेरीचा उजेड हलताना दिसला. लंबू आतच होता. बोट बटणापासून इंचभर दूर थांबलं. मग पुष्कळ वेळ तो हात कापत होता आणि काकांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. लंबूच्या धाकटीने त्या महिन्यात पहिलं पाऊल टाकलं होतं, हे त्यांना त्या क्षणी का आठवलं कोण जाणे. काका खाली उतरल्यावर लंबूने त्याबद्दल काही विचारलं नाही. त्याला कळलं नसावं, असं काकांना वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाळी बदलून घेतली. "माझे गुडघे गच्चीपर्यंत चढत नाहीत रे," ते म्हणाले. बंद लिफ्टच्या कामाला जिनाच चढावा लागतो, त्यामुळे सबब पटण्यासारखी होती. आता लंबू वर आणि काका आत. चूक झालीच तर निदान आपल्याच जिवावर जाईल, एवढा साधा विचार. "मी आत!" ओरडायचं, वरून काही घुमलं की उत्तर आलं म्हणायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि पाय टाकायचा. लंबूला हल्ली एक नवी खोड लागली होती. पिंजरा ज्या लोखंडी रुळाच्या आधाराने वर-खाली सरकतो, त्यावर तो उत्तर देताना वरून पाना आपटायचा, ठण ठण, दोनदा. रुळाला हात लावला की ते तळव्यात कळायचं. "हे काय रे नवीन?" काकांनी एकदा विचारलं. "असंच, दादा. हात शिवशिवतात."

कंपनीला सांगितलं तर विहिरीत उतरणं कायमचं बंद होणार, हे काकांना ठाऊक होतं. एकतीस वर्षं ज्या अंधारात त्यांना कधी भीती वाटली नव्हती, त्यातून बाहेर काढलं तर आपण कोण उरतो, याची मात्र त्यांना फार भीती वाटायची. झाकली मूठ त्यांनी झाकूनच ठेवली.

आणि अशा माणसाला लेकीने खुनी केलं.

रविवारी दुपारी चित्रीकरण ठरलं. खिडक्यांवर जाड चादरी टांगून घरात संध्याकाळ केली. लेकीने माईक फरशी पुसायच्या दांड्याला बांधला, कानांवर हेडफोन चढवले, कॅमेऱ्यावर मैत्रीण उभी केली. काम सरळ होतं. दार उघडतं, बूट आत येतात, पॅसेजमधून पुढे सरकतात. टोकाच्या खोलीत एक बाई पाठमोरी बसून पुस्तक वाचतेय. तिच्यामागे हात येतो आणि तिथे नाव.

या मरणाऱ्या बाईने, म्हणजे आईने, सकाळपासून घर घासूनपुसून लख्ख केलं होतं. "खून झाला की चार माणसं घरात येतात," ती म्हणाली. "पसारा नको."

पहिल्या वेळी खुन्याने दार उघडलं आणि पायपुसण्यावर दोन्ही बूट व्यवस्थित पुसले.

"बाबा! खुनी पाय पुसत नाही!"

"का बरं? तिने आत्ताच फरशी पुसलीय."

दुसऱ्या वेळी पॅसेजमधून जाताना त्याने भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ केली. मैत्रीण इतकी हसली की कॅमेरा हलला. लेकीने डोक्याला हात लावला. शिवाय ती मागून हळूच "चला" म्हणायची आणि बाबा हलायचेच नाहीत. शेवटी पाठीवर टकटक करून त्यांना सोडायचं ठरलं. "तंद्री लागते वाटतं तुम्हाला," ती म्हणाली. काका म्हणाले, "हो ना."

तिसऱ्या वेळी पाय पुसले नाहीत, तसबीर सरळ केली नाही, आणि बरोबर मधे फोन वाजला. आईचा मोबाइल बुटांच्या कपाटावर राहिला होता आणि नको तेव्हा फोन करण्यात हातखंडा असलेल्या मावशीने तो आत्ता केला होता. आईने फोनला चिमणीचा बारीक चिवचिवाट लावून ठेवला होता. चिव चिव, चिव चिव. फोनचा उजेड काकांच्या मनगटावर पडत होता, कोपर त्याला घासून गेलं, आणि ते वळूनही न बघता त्याच संथ पावलांनी पुढे गेले. आत आईला उठून फोन घ्यावासा वाटत होता, पण लेकीच्या धाकाने ती खुर्चीत ताठ झाली. तिचे खांदे वर आले आणि पुस्तकाचं पान हातात तसंच राहिलं.

"कट," लेक म्हणाली. मग मोठ्याने, "कट!" मग आणखी मोठ्याने. काका चालतच राहिले आणि त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. ती खरोखरच किंचाळली. काकाच इतके घाबरले की म्हणाले, "काय झालं? काय लागलं का तुला?"

पुढे आणखी सहा वेळा केलं, पण ती गंमत पुन्हा आली नाही. लेकीने तिसरंच ठेवलं. आठवडाभर ती संगणकासमोर बसली, बाकीचे आवाज खाली ओढून तो चिवचिवाट पुढे आणला. लेखही लिहायला घेतला. त्यात एक परिच्छेद फार झोकात उतरला होता. "फोन वाजतो, पण खुनी वळूनही पाहत नाही. ज्याला कशाचीच घाई नाही त्याची भीती जास्त वाटते, असा विचार करून मी वडिलांना फोनकडे दुर्लक्ष करायला सांगितलं." सांगितलं वगैरे काही नव्हतं. पण जमून गेलेलं सगळं ठरवून केलेलं असतं, असं विद्यार्थी लिहितातच. थोरामोठ्यांच्या आत्मचरित्रांतही वेगळं काय असतं म्हणा.

शनिवारी सकाळी कॉलेजच्या सभागृहात सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. कलाकारांना पहिल्या रांगेचा मान. काका इस्त्रीचा शर्ट घालून बायकोशेजारी बसले होते. दिवे गेले आणि पडद्यावर त्यांचेच बूट आले, घरी होते त्याच्या चौपट मोठे. ते पॅसेजमध्ये शिरले आणि अचानक काकांची खुर्ची हादरली. अख्खी रांग दचकली होती. बायकोने त्यांचं मनगट घट्ट धरलं. काकांनी पडद्याकडे निरखून बघितलं, तर तिथे नुसती त्यांची पाठ चालली होती. आपल्या पाठीत एवढं घाबरण्यासारखं काय आहे, त्यांना कळेना.

दिवे लागले, टाळ्या पडल्या. मॅडम पुढे येऊन उभ्या राहिल्या, शेजारी लेक. मॅडम थेट काकांकडे बघून बोलत होत्या, त्यामुळे ओठ दिसत होते. "काका, एक विचारू? फोन वाजला तेव्हा तुम्ही वळून बघितलं नाहीत, ते तुमचं डोकं की दिग्दर्शकाचं?"

काकांनी प्रामाणिकपणे विचारलं, "कुठला फोन?"

सभागृहात हशा उसळला. "वा!" मॅडम म्हणाल्या, "अजून भूमिकेतून बाहेर आलेले नाहीत!" पुन्हा टाळ्या झाल्या. बायकोही हसत होती. सगळे हसताहेत म्हणून काकाही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांची नजर लेकीवर गेली. ती हसत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, आणि "चला" म्हटल्यावर न हललेले पाय, तीनदा ओरडलेलं "कट", गेल्या दोन वर्षांतले सगळे "हो ना", एकेक करून तिच्या चेहऱ्यावर येताना काकांना दिसलं. काकांचं हसू तिथेच थांबलं.

त्या दुपारी आई कामावर गेली. ती एका शाळेच्या वाचनालयात होती आणि शनिवारी पुस्तकं परत घ्यायचा दिवस. काका खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि सहज काचेकडे बघितलं तर काचेत मागे लेक उभी. हात लांब केलेला, हातातला फोन त्यांच्या कानापाशी, फोनचा उजेड लागलेला, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

ते वळले. "किती वेळ वाजतोय?"

"दोन मिनिटं," ती म्हणाली. मग ती समोर येऊन जमिनीवर बसली, अशी की उजेड तिच्या तोंडावर पडावा. शहाणी पोर.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"लंबूकाकांना?"

काका वर्तमानपत्राची घडी घालायला लागले.

"बाबा, मी लहान असताना आपण खेळायचो ना? मी पलंगाखाली शिरताना ओरडायचे, 'मी आत!' आणि तुम्ही स्वयंपाकघरातून म्हणायचात, 'चिंगी आत!' तुमचं उत्तर आल्याशिवाय मी कधी शिरायचे नाही. कितीही वेळ लागला तरी थांबायचे." तिने नाक पुसलं. "आता तुम्हाला उत्तर कसं ऐकू येतं?"

"मोजतो," काका म्हणाले. "तीनपर्यंत."

"मोजता?" ती जवळजवळ ओरडली, आणि ते त्यांना नीट ऐकू आलं.

मग त्यांनी तिला तो इंचभर अंतरावर थांबलेला हात सांगितला. भोकातून दिसलेला उजेड सांगितला. बोलायला सुरुवात केल्यावर थांबवेना. "मी बटण दाबलं असतं गं," ते म्हणाले. "त्याच्या घरी जाऊन मी काय सांगितलं असतं? म्हणून आता मीच आत जातो. माझं मी बघून घेईन."

"आणि तुम्हाला काही झालं तर बटण कोणी दाबलेलं असेल?"

काकांनी मान वर केली. तीन महिन्यांत हा प्रश्न त्यांना एकदाही सुचला नव्हता. लंबूच्या हातून होईल. जन्मभर ते ओझं त्या वाकून चालणाऱ्या माणसाच्या मानेवर राहील. त्यांनी जिवाचा धोका स्वतःकडे घेतला होता आणि बटण मात्र त्याच्या हातात देऊन ठेवलं होतं.

लेकीने दप्तरातून लेख काढला आणि तो झोकदार परिच्छेद त्यांच्या देखत उभ्या रेघांनी खोडला.

"राहू दे की," काका म्हणाले. "चांगलं लिहिलंयस."

"खोटं लिहिलंय. पण खरं लिहिलं की तुमची गोष्ट बाहेर जाईल. ती सांगायची की नाही ते तुमच्या हातात. बुधवारी द्यायचाय. तोवर मी जागा रिकामी ठेवते."

रविवारी काकांनी बायकोला सांगितलं. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही 'तुझंच बरोबर' म्हणत होतात ते न ऐकताच?" ती म्हणाली. "आणि मी मैत्रिणींना सांगत होते, आमचे हे किती बदलले म्हणून!" मग तिने त्यांचे दोन्ही कान आपल्या तळव्यांत धरले आणि कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवलं. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी असं कधी केलं नव्हतं. थोड्या वेळाने काका बाहेर आले आणि लेकीला म्हणाले, "लिही."

सोमवारी सकाळी त्यांनी तिच्याकडे तिने नव्याने लिहिलेल्या पानाची एक प्रत मागितली. लंबूसमोर तोंड उघडेल याची त्यांना खात्री नव्हती.

इमारत तीच निघाली, सात मजली. लंबू जिन्याकडे वळला तसं काका म्हणाले, "थांब. आधी हे वाच." लंबू पायरीवर बसला, गुडघे हनुवटीला लागले. तो अक्षर अक्षर ओठांवर घेत वाचायला लागला.

"ध्वनीचा सगळ्यात चांगला निर्णय माझा नव्हता. तो निर्णयच नव्हता. फोन वाजला तेव्हा माझे वडील वळले नाहीत, कारण त्यांना तो ऐकू आला नाही. मी कानांना हेडफोन लावून घरातला प्रत्येक आवाज टिपत होते, नळाचा, पंख्याचा, आईच्या श्वासाचा. मी तीनदा 'कट' म्हटलं आणि ते चालत राहिले, तेही टिपलंय. ऐकलं मात्र नाही. जिथे सगळे दचकतात तिथे आता मला रडू येतं. ती जागा मी काढणार नाही. माझे वडील माझ्या आईकडे निघालेत आणि वाटेत काय वाजतंय ते त्यांना माहीत नाही, एवढंच त्यात आहे."

लंबूने कागदाची नीट घडी घातली आणि परत दिला. "चला, सांगितलंत एकदाचं," तो म्हणाला. काकांकडे तोंड करून, सावकाश.

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"दादा, मी आत उभा होतो आणि वरून तुम्ही म्हणालात, 'लंबू बाहेर.' मी तिथेच समजलो." तो खाली फरशीकडे बघायला लागला, मग आठवण होऊन पुन्हा तोंड वर केलं. "रुळावर पाना कशाला आपटतो मी? हात शिवशिवतात म्हणून? म्हटलं, कानाला नाही तर हाताला तरी उत्तर पोचेल."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"कुठल्या तोंडाने बोलू? पाना धरायला तुम्ही शिकवलंत मला. तुम्ही सांगाल म्हणून रोज वाट बघत होतो." तो थांबला. "आणि रोज बटण दाबताना हात कापायचा माझा."

तीन महिने एकाच विहिरीच्या दोन टोकांना दोन कापणारे हात होते आणि दोघंही एकमेकांना सांभाळत होते. त्यांनी लंबूच्या खांद्यावर हात ठेवला. तो बसलेला होता म्हणून पोचला.

"ऑफिसला आपण दोघं जाऊ," लंबू म्हणाला. "कार्यशाळेत ब्रेकच्या कामाला माणूस मिळत नाहीये त्यांना. आणि तुमचा तो स्क्रू ड्रायव्हर कोणी काढून घेत नाही."

काकांनी मान हलवली. तळमजल्यावरचं विहिरीचं दार उघडंच होतं. ते कडेला जाऊन उभे राहिले. आतून ग्रीसचा आणि थंड लोखंडाचा ओळखीचा वास आला. त्यांनी रुळावर तळवा ठेवला. आज रूळ गप्प होता. मग ते दोन पावलं मागे आले, ताठ उभे राहिले आणि लंबूकडे बघून रीतीप्रमाणे ओरडले, "मी बाहेर!"

आवाज विहिरीत वरपर्यंत घुमत गेला. लंबू उठून उभा राहिला. उत्तर दिल्याशिवाय रीत पुरी होत नाही, आणि त्याला तर उत्तर देणं जिवावर आलं होतं. त्याचे ओठ हलले, पण घशातून काही निघालं नाही. काय म्हणाला ते काकांना ओठांवरून कळलं होतं. 'हो ना' म्हणून निघून जाता आलं असतं.

"ऐकू आलं नाही," काका म्हणाले. "पुन्हा सांग."

लंबूने श्वास घेतला आणि पोटातून आवाज काढला. "दादा बाहेर!"

तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून खाली डोकावलं. काकांनी मान हलवली आणि विहिरीचं दार स्वतःच्या हाताने लावून घेतलं.